हळदी-कुंकू, थापट्या आणि सीतेची आसवं

उजनी किती टक्के भरली, ही बातमी ज्याचा एक गुंठाही ऊस नाही अशा माणसानंसुद्धा वाचावी, हे मला 2019 च्या हिवाळ्यात कळलं. भिगवणची बदकं त्या आकड्यावर ठरतात. धरण काठोकाठ असेल तर कुंभारगाव, डिकसळकडचा उथळ काठ पाण्याखाली जातो. थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही पाण्यात डोकं खुपसून, शेपूट वर करून खाणारी मंडळी. मान पोचेल एवढंच खोल पाणी त्यांच्या कामाचं. भरलेल्या वर्षी ती पांगतात. पाणी शेतीला सुटून गाळ उघडा पडू लागला की पुन्हा गोळा होतात. 2023 च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरलंच नाही, 2024 च्या ऑगस्टमध्ये भरलं. त्या दोन हिवाळ्यांतले माझे फोटो शेजारी ठेवले तर एकाच जलाशयाचे वाटत नाहीत. एकात बदकांच्या मागे करडा, भेगाळलेला गाळ; दुसऱ्यात नुसतं पाणी, आणि त्यात कुठंतरी बदकं.

2019 पासूनचे सगळे फोटो यंदाच्या उन्हाळ्यात तारखेप्रमाणे लावले. त्यांत लेन्सपेक्षा तारखेचं कर्तृत्व जास्त दिसतं, आणि सहाशे मिलिमीटरच्या लेन्सचे हप्ते फेडलेल्या माणसाला हे मान्य करणं जड जातं. ऑक्टोबर अखेरीस आलेल्या थव्यात नर जवळपास नसतातच, असं वाटतं. असतात, पण मादीच्या वेषात. उत्तरेकडे विणीचा हंगाम संपला की नर पिसं टाकतात. उडण्याची पिसंही एकदम गळतात आणि काही आठवडे उडताच येत नाही. अशा दिवसांत भडक रंग अंगावर वागवणं जिवावर बेतेल, म्हणून मातकट पिसारा चढतो आणि तोच घालून ते आपल्याकडे येतात. तलवार बदकाचा नर डिसेंबरात चॉकलेटी डोकं आणि मानेवरची पांढरी रेघ घेऊन सजतो. थापट्याला आणखी वेळ लागतो. भुवई बदक सगळ्यांत निवांत. ज्या पांढऱ्या भुवईवरून त्याचं नाव पडलं, ती बऱ्याचदा फेब्रुवारी उजाडेपर्यंत धड उमटत नाही. नाताळच्या सुट्टीत सगळी गर्दी येऊन जाते, आणि भुवई मागाहून येते. आमचा बारमाही सोबती म्हणजे हळदी-कुंकू. पिवळं टोक आणि बुडाशी लाल ठिपके असलेली काळी चोच, ना वेषांतर ना स्थलांतर. हौशी लोक त्याच्याकडे कॅमेरा वळवतही नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

उड्डाणाचा फोटो हवा असेल तर बदकाचे पाय कुठं आहेत ते आधी बघावं. थापट्या, चक्रांग यांचे पाय शरीराच्या मध्यावर. ती पाण्यावरून थेट वर उसळतात, पूर्वसूचना शून्य. लालसरी बुडी मारणारी, तिचे पाय मागे सरकलेले. तिला हवेत जायला पाण्यावरून पळत जावं लागतं आणि तेवढ्यात शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर नेऊन ठेवता येतं. रंगाचंही असंच. थापट्याच्या डोक्याचा हिरवा हे नुसतं रंगद्रव्य नव्हे, पिसांच्या सूक्ष्म रचनेतून परतणारा तो प्रकाश. ऊन आपल्या पाठीशी असेल तर हिरवा. पक्ष्यामागे गेलं की सरळ काळा. म्हणून सकाळी होडी पूर्वेला ठेवायची. पट्टकादंब हंस रात्री शेतात चरून पहाटे पाण्यावर परततात, त्यांच्यासाठी तर अंधारातच निघावं लागतं.

नांदूर मध्यमेश्वरला, गोदावरी-कादवेच्या संगमावर, निराळी अडचण. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, पक्षी विपुल. पण निरीक्षण मनोऱ्यावरून फोटो वरून खाली येतो आणि बदक पाण्यावर चिकटवल्यासारखं दिसतं. मोजदादीला मनोरा उत्तम, फोटोला होडीच हवी.

होडीवरून आठवलं. भिगवणचे नावाडी मूळचे मच्छीमार. थवा किती अंतरावर बिथरतो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. बिथरवायला सांगणारे होडीत मागे बसलेले असतात. ‘जरा जवळ घ्या, उडू द्या की.’ हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याला आपल्या फ्रेमसाठी दहा वेळा उडवायचं आणि वर शीर्षक द्यायचं ‘स्वच्छंद’. कुरव पक्ष्यांना शेव टाकून होडीभोवती नाचवण्याचा प्रकारही मी पुरेसा पाहिला. त्या फोटोंत पक्ष्यांचे डोळे अगदी स्पष्ट येतात, हे खरं.

मार्च 2020 मध्ये बदकं उत्तरेला निघाली आणि आम्ही घरात अडकलो. फुलांकडे वळले ती अशी, गच्चीतल्या जास्वंदीपासून. लाल फूल कॅमेऱ्याला किती छळतं ते तेव्हा कळलं. लालाची मात्रा आधीच शिगेला पोचते, पाकळीवरच्या शिरा पुसल्या जातात आणि उरतो एक सपाट लाल तुकडा. एक्स्पोजर कमी करून, सावलीत, पांढऱ्या पुठ्ठ्यानं उजेड वळवून जास्वंद सुधारली. गोकर्ण मात्र कधीच खऱ्या रंगाची आली नाही; निळी म्हणावी तर जांभळट.

‘फूल काय, पळून थोडंच जातंय?’ असं बदकवाले म्हणतात. त्यांनी 2021 नंतर मी केल्या तशा कासच्या वाऱ्या कराव्यात. साधारण बाराशे मीटर उंचीचं जांभ्या दगडाचं पठार, वर मातीचा पातळ थर, आणि वारा अखंड. सीतेची आसवं हे जांभळट निळं फूल नखाएवढं. त्या मातीत नत्र कमी, म्हणून जमिनीखाली बारीक फुग्यांचे सापळे लावून ही वनस्पती सूक्ष्म जीव पकडते. शिकार चिखलात, शोभा वर. मॅक्रो लेन्सनं इतक्या जवळ गेलं की एफ अकरावरही जेमतेम काही मिलिमीटर स्पष्ट येतात. पुढची पाकळी धरावी तर मागचा देठ विरघळतो, आणि दोन्ही धरायला फोकस सरकवत फोटो काढावेत तर वारा फुलाला हलवतो. थापट्याचा वेग परवडला, त्याला दिशा तरी असते. ढग मात्र फुलांचे मित्र. पठारावरचं धुकट आभाळ मऊ, बिनसावलीचा उजेड देतं. बदकांच्या हंगामात असं आभाळ दिसलं की मी घरी थांबते.

कासलाही तारखाच. पावसाच्या जोरात चवर, मग पांढरे गेंद आणि निळी आसवं, सप्टेंबरात मिकी माऊस, मग सोनकीचा पिवळा. कारवीचा हिशोब सात वर्षांचा. आठवडा चुकला तर लेन्स बदलून उपयोग नाही. इथलेही उपद्व्यापी ठरलेले: फुलाभोवतीचं गवत उपटून ‘पार्श्वभूमी’ स्वच्छ करणारे, आणि बाटलीतून दव शिंपडणारे. एका फुलासाठी शंभर फुलांवर आडवं होणाऱ्यांची दखल तर कुणी घेतच नाही.

फुलांच्या नादात बदकांचे फोटो बदलले. 2022 पर्यंतच्या फोटोंत बदक चौकटभर आहे, चोचीवरचा थेंब मोजता येतो, पण ते कुठल्या पाण्यावर आहे याचा पत्ता नाही. पुढच्या हिवाळ्यांत पाणकणीस आलं, शेवाळ आलं, उघडा पडलेला गाळ आला. पक्षी लहान झाला. ओळखीच्या पक्षीमित्रांना हे फारसं रुचलेलं नाही. ओळख पटवायला जुने फोटो बरे, असं त्यांचं म्हणणं, आणि ते गैर नाही.

पावसाळा फुलांचा आणि हिवाळा बदकांचा, ही माझी वाटणी मोडली ती गोंदिया-भंडाऱ्याकडच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांवर. काणूक हे आपल्याकडचं सगळ्यांत लहान बदक. ते झाडाच्या ढोलीत अंडी घालतं, आणि त्याची वीण पावसाळ्यात. त्यामुळे पांढऱ्या मानेवर काळा पट्टा आणि पाठीवर हिरवी झाक घेऊन नर सजतो तेव्हा तलाव कमळांनी भरलेला असतो. दोन्ही हंगाम एका चौकटीत, दोन्हीकडच्या अडचणींसह. पांढरा चेहरा उन्हात जळतो, कमळ वाऱ्यानं डुलतं, आणि सहाशेच्या लेन्सला दोघं एकाच वेळी स्पष्ट दाखवता येत नाहीत. मी काणूकावर फोकस ठेवला. पुढची कमळं गुलाबी डाग होऊन आली. बरोबर आलेल्या, वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीनं उलट केलं. तिच्या फोटोत कमळाचा केसर न् केसर मोजता येतो आणि काणूक मागे पांढऱ्या ठिपक्याएवढा आहे. तिचाच फोटो सरस, असं दोघींच्या घरच्यांचं मत पडलं. मला अजून पटलेलं नाही.