जुना लॅपटॉप घेताय? इंचांबरोबर ठिपकेही बघा

निकाल लागले की मुलांसाठी जुना लॅपटॉप घ्यायची लगबग सुरू होते. दुकानदार सांगतो, "पंधरा इंची आहे." पण इंच म्हणजे स्क्रीनची फक्त तिरकी लांबी. अक्षरं किती स्पष्ट दिसणार, एका वेळी किती मावणार, हे ठिपक्यांवर म्हणजेच रिझोल्यूशनवर ठरतं.

पूर्वी १०२४ बाय ७६८ सर्रास होतं. २०१२ मध्ये १३६६ बाय ७६८ ने जगभरात त्याला मागे टाकलं. आता १९२० बाय १०८० रुळलंय. आधीच्यात साडेदहा लाख ठिपके, यात जवळपास दुप्पट. ठिपके कमी असले की एक्सेलचे रकाने स्क्रीनबाहेर जातात, सारखं सरकवावं लागतं.

पैसे मोजण्याआधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले उघडा. 'रेकमेंडेड' लिहिलेला आकडा बघा, मगच भाव करा.