पुडीतले जिवाणू आणि बीडचा मे महिना

अंगणातले सोबती : भाग सहावा

मे महिन्यात बीडला पत्र्याच्या दुकानाचं कुलूप दुपारी उघडायचं तर हातात फडकं घ्यावं लागतं. आत, काचेच्या फळीवर, जंताच्या गोळ्यांशेजारी कुत्र्या-मांजरांच्या पोटाच्या पुड्या ओळीनं उभ्या असतात. गेल्या आठवड्यात जंतांवर लिहिलं, तेव्हापासून एकच प्रश्न कानावर येतोय : हगवण लागली की ही पुडी द्यायची का?

पुडीवर अमुक कोटी ‘सीएफयू’ असं छापलेलं असतं. ताटलीत वाढवले तर वसाहत धरतील असे, म्हणजे जिवंत जिवाणू. पाकिटावर बहुधा ‘25 अंशांखाली, कोरड्या जागी ठेवा’ असंही असतं. बीडच्या मे महिन्यात पंख्याचा वारासुद्धा त्याहून गरम. म्हणून मी दुकानदाराला विचारलं, “फ्रिजमध्ये ठेवता का हो?” तो हसला. “फ्रिजात लशी, अन् माझी पाण्याची बाटली. पुडीला कोण विचारतंय?”

सगळेच जिवाणू इतके नाजूक नसतात. बॅसिलस कुळातले कडक कवचाचा बीजाणू करून बसतात, त्यांना ऊन बरंच सोसतं. एन्टरोकोकस फीशियम हे नाव कुत्र्यांच्या पुड्यांवर हमखास दिसतं. त्याला तसलं कवच नाही. सॅकरोमायसिस बुलार्डी तर जिवाणूच नाही, ते यीस्ट. 1920च्या दशकात आँरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाला इंडोचायनात दिसलं, की पटकीच्या साथीत काही लोक लिची-मँगोस्टीनच्या सालींचा काढा पितात. त्या फळांवरून त्यानं हे यीस्ट वेगळं काढलं. जिवाणू मारणारं अँटिबायोटिक त्याला मारत नाही, म्हणून दोन्ही बरोबर देता येतात. गाईच्या कोठीपोटासाठी यीस्ट पोत्यानं मिळतं, त्यातलंच चमचाभर कुत्र्याला घालणारेही मी पाहिलेत. गाईची कोठी म्हणजे शंभर लिटरच्या वरची आंबवणाची टाकी; कुत्र्याकडे तसलं काही नाही. ते माप आणि ती पुडी त्याच्यासाठी नव्हेच.

गुण येतो का? साध्या हगवणीत काही अभ्यासांत ती थोडी लवकर थांबल्याचं दिसलं, काहींत फरकच पडला नाही. शिवाय साधी हगवण दोन-चार दिवसांत आपोआपही थांबते, आणि श्रेय पुडीला जातं.

त्याआधी ताटलीत काय पडतं ते बघा. आपल्याकडे दूध-भाकरी. 2013मध्ये उप्सालाच्या संशोधकांनी दाखवलं, की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उष्ट्यावर वाढलेली जात ती. तेव्हा ज्वारीची भाकरी कुत्र्याला पचते. बिघडवतं ते दूध. अंगावरचं दूध तुटलं की दुधातली साखर पचवायची ताकद ओसरते. पुडी देऊन वर वाटीभर दूध, हे मी डोळ्यांनी पाहिलंय! दही त्यातल्या त्यात सोसतं. मांजराचं गणितच वेगळं : त्याला मांस हवंच. त्यातलं टॉरिन मिळालं नाही तर डोळे आणि हृदय जातं. ते कुठली जिवाणूंची पुडी भरून काढणार?

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या ट्रॉलीत शेळ्या-कोंबड्यांबरोबर एखादं कुत्रंही असतं. पाणी बदललं, खाणं बदललं, की पोट ढळतं. अन्न बदलायचंच असेल तर आठवडाभर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत जावं. उकडलेला लाल भोपळा दोन चमचे, बिनमिठाचा, कांदा-लसूण न लावता. त्यातला तंतू आतड्यातल्या जिवाणूंचं खाणं, आणि त्याला फ्रिज लागत नाही.

एक मात्र पक्कं. दोन-तीन महिन्यांचं, लस न टोचलेलं पिल्लू ओकतंय, खायला तोंड लावत नाही, शी रक्ताची आणि उग्र वासाची : हा पार्व्हो, म्हणजे विषाणूचा आजार, असू शकतो; तिथं पुडी नव्हे, दवाखानाच. आमच्या गल्लीतल्या अशा एका पिल्लाला दोन दिवस दह्यातून पुडी चालली होती. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, तेव्हा पाठीची चिमटीत धरलेली कातडी सोडली तरी तशीच उभी राहत होती. अंगात पाणीच उरलं नव्हतं. सलाइन लागलं, पण उशीर झाला होता. उरलेली पुडी त्या घरच्या खिडकीत, उन्हातच, बरेच दिवस पडून होती.

(पुढच्या आठवड्यात : गोचीड)