ओढू नका, बाई!

ताप, खोकला, दात, सारे विचारून होते. आई बाळाला उचलते, सोबतच्या आजीही उठतात, आणि दाराशी थबकून हळूच म्हणतात, "डॉक्टर, याची पुढची कातडी मागे सरत नाही हो. न्हाऊ घालणारी म्हणते, रोज तेल लावून ओढायला हवी." सून खाली मान घालते. दोघी मुळात आल्या होत्या त्या याच प्रश्नासाठी!

दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आपल्या संकोचापायी तान्ह्याने रोज रडावे, हे काही बरे नव्हे.

शिश्नाच्या टोकावरची ही त्वचा दुमडलेली असते. बाहेरची बाजू अंगावरच्या कातडीसारखी, आतली ओठाच्या आतल्या भागासारखी मऊ व ओलसर. ओल्या लंगोटापासून आणि घर्षणापासून ती नाजूक मण्याचे व मूत्रद्वाराचे रक्षण करते. मोठेपणी (हेही सांगून टाकतो) ती सहज मागेपुढे सरकते आणि स्पर्शाला फार संवेदनशील असते. तान्हेपणी मात्र आतली बाजू मण्याला चिकटलेलीच असते. मांजरीच्या पिलाचे मिटलेले डोळे आपण उघडायला जातो का? तसेच हे. सुटताना पांढरे कण दिसतात. तो पू नव्हे.

डग्लस गेर्डनर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४९ साली दाखवले की, नवजात मुलांपैकी शेकडा ४ जणांचीच त्वचा पूर्ण मागे सरते. तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांची सरते, असेही ते म्हणाले. पण तो अंदाज घाईचा ठरला. डेन्मार्कच्या याकोब ओस्टर यांनी शाळकरी मुले तपासून १९६८ साली हिशेब मांडला. सहा-सात वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांची त्वचा अजून थोडीफार चिकटलेली होती. सोळा-सतराव्या वर्षी हे प्रमाण शेकडा ३ वर आले.

धर्माप्रमाणे सुंता करतात, ती गोष्ट निराळी. आपला प्रश्न ओढण्याचा. ओढल्याने बारीक चिरा पडतात, व्रण कडक होतो, आणि नसलेले दुखणे जडते. त्वचेचे तोंड आवळून लघवी अडण्याला सुश्रुताने निरुद्धप्रकश म्हटले आहे. मागे गेलेली त्वचा मण्यापाठी अडकून सुजली, तर ती परिवर्तिका. ही दुसरी रात्री झाली तर सकाळची वाट पाहू नये, तडक इस्पितळ गाठावे.

लघवी करताना टोक क्षणभर फुगले, एवढ्याने घाबरू नये. मात्र लघवी थेंबथेंब होते, मूल कळवळते, टोक लाल होते किंवा पांढरे व कडक दिसते, तर डॉक्टरांना दाखवावे. पुष्कळदा मलमावर भागते.

एरवी बाहेरून पाण्याने धुतले की पुरे. पुढे त्वचा आपण सरू लागली की मुलाने स्वतःच ती मागे घेऊन धुवावी आणि आठवणीने पुढे आणावी. हे त्याला वडिलांनी सांगावे. ते काम आईवर ढकलू नये.

"मग त्या बाईला काय सांगू?" आजी विचारतात.

"सांगा, डॉक्टर रागावले."