पाचशेचं चलन: भरावं की भांडावं? (कायदा रोजचा : लेखांक ९)

बिरवाडीत एका बाजूला महाडची एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला वरंध घाटाकडे जाणारा रस्ता. मधल्या बाजारात कंपनीचे टँकर, एसटी, सहाआसनी आणि ‘दोनच मिनिटं’ म्हणून उभा केलेला टेम्पो यांची कायम दाटी. टेम्पोवाला पोती उतरवून घाम पुसतो, तोच खिशातला मोबाईल वाजतो. नो पार्किंग, ५०० रुपये.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. पाचशे रुपयांच्या हिशेबात ते बहुतेक वेळा खरंही ठरतं. एका तारखेला महाडला जायचं म्हटलं की दिवसाची कमाई बुडते. साहेब रजेवर असले किंवा साक्षीदार पोलीस बंदोबस्तात अडकला, की पुढची तारीख. वकील केला तर दंड परवडला म्हणायची वेळ येते.

पण हा हिशेब अपुरा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ नुसार पहिल्या वेळी दंड ५०० रुपयांपर्यंत, त्यानंतर दर वेळी १,५०० पर्यंत. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीतली ही वाढ महाराष्ट्रानं डिसेंबर २०२१ मध्ये लागू केली. त्याच दुरुस्तीनं कलम २०० मध्ये एक तरतूद घुसवली, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवलं, तरी पुढच्या वेळी तो ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजता येतो. कटकट नको म्हणून मुकाट्यानं भरलेले पाचशे पुढच्या चलनाला तिप्पट करू शकतात. वर्षातून एकदा रायगड बघायला येणाऱ्या पर्यटकाला याची फिकीर नाही. रोज त्याच नाक्यावर माल उतरवणाऱ्यानं मात्र आधी विचार करावा आणि मग पैसे भरावेत.

विचार करायचा म्हणजे आधी चलन उघडून फोटो नीट बघायचा. नंबर आपलाच आहे का? बनावट नंबरप्लेट लावून फिरणाऱ्यांमुळे दारातली दुचाकी ठाण्यात ‘सापडल्याची’ चलनं येतात. तिथे गाडीचा रंग, मॉडेल, आरशाची तुटलेली काच असा एखादा तपशीलही पुरतो. ठिकाण आणि वेळ बरोबर आहे का? कलम कोणतं लावलंय? कलम १२२ असेल तर गाडीमुळे धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय झाली वा होण्याजोगी होती, हे फोटोतून दिसायला हवं. मोकळ्या कडेला उभ्या टेम्पोच्या मागच्या नंबरप्लेटचा नुसता जवळून घेतलेला फोटो तेवढं सांगत नाही.

‘तिथे पाटीच नव्हती’ हा सगळ्यांचा आवडता बचाव. तो सगळीकडे चालत नाही. वळण, चौक, पूल, पदपथ, बसथांबा, शाळा-दवाखान्याचं फाटक इथे गाडी लावायला नियमानंच मनाई आहे; पाटी असो वा नसो. जिथे केवळ आदेशानं नो पार्किंग केलंय, तिथे आदेशाची प्रत मागता येते. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. शिवराज्याभिषेकासारख्या गर्दीच्या दिवसांपुरते काढलेले आदेश कोणत्या तारखेला संपले, हेही त्यात कळतं.

दुसरा प्रश्न गावाचा. खटला जिथे गुन्हा घडला त्या हद्दीत चालतो. महाडचं चलन असेल तर बिरवाडीकराला कोर्ट शेजारीच. चलन पुण्याचं किंवा दादरचं असेल, तर बाजू कितीही खरी असली तरी एसटीचं तिकीटच दंडाला गाठतं.

तरीही छोट्या रकमेसाठी भांडणारे असतात. मथुरेच्या तुंगनाथ चतुर्वेदींनी १९९९ मध्ये तिकिटाचे २० रुपये जास्त घेतले म्हणून रेल्वेला ग्राहक मंचात खेचलं आणि २०२२ मध्ये ते जिंकले. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, ते रास्तच. पण चतुर्वेदी स्वतः वकील होते, हेही ध्यानात घ्यावं! अमेरिकेतल्या सॅगिनॉ शहरात ॲलिसन टेलर यांना पार्किंगच्या १५ पावत्या मिळाल्या होत्या. टायरवर खडूची खूण करून वेळ मोजण्याच्या पद्धतीलाच त्यांनी आव्हान दिलं आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला. एकच पावती असती, तर कदाचित त्यांनीही ती भरून टाकली असती.

आपल्याकडेही जुलै २०२५ मध्ये वाहतूकदार ई-चलनाविरोधात संपावर गेले, ते एका चलनासाठी नव्हे. त्याच महिन्यात पोलिसांनी खासगी मोबाईलवर फोटो काढून चलन करू नये, अशी तंबी वरून आली.

कोर्टाआधी एक पायरी आहे. वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर फोटो जोडून तक्रार करता येते. चुकीच्या नंबरप्लेटचं प्रकरण आधी तिथेच न्यावं. लोकअदालतीची नोटीस आली तर जायला हरकत नाही. तिथे तडजोड झाल्यावर अपील नसतं, म्हणून ज्याला ‘मी गाडी तिथे लावलीच नव्हती’ असं म्हणायचंय, त्यानं सही करण्याआधी तसं स्पष्ट सांगावं.

(पुढील आठवड्यात : गाडी मालकाची, चलन चालकाचं, पैसे कुणी भरायचे?)