अंगणातील जुने झुडूप हलविताना



नवे घर बांधायला काढले की पायाच्या आखणीत दारातले तगर, जास्वंद, नाहीतर अनंत हटकून आडवे येते. मग निरोप येतो, "साहेब, एवढं झाड हलवून द्या." म्हणून या वेळी उसाऐवजी या विषयावर थोडे लिहितो.

आधी माझी चूक सांगतो. आमच्या दारात आईने लावलेला अनंत होता. ऐन मे महिन्यात गवंडी कामाला आला, म्हणून मी एका सकाळी टिकावाने अनंत काढला आणि परड्यात लावला. पाणी भरपूर घातले, तरी आठ दिवसांत पाने करपली. आई काही बोलली नाही. महिनाभर त्या वाळक्या खोडाला रोज तांब्याभर पाणी घालीत राहिली. शेतीची पदविका घेतलेल्या मुलाचे हे काम!

कारण साधे आहे. पाणी मुख्यतः शोषतात ती टोकाकडची केसासारखी बारीक मुळे. खणताना नेमकी तीच जमिनीत राहतात. पानगळीचे झाड पाने टाकून स्वस्थ बसते. पण सदाहरित झुडपाच्या पानांतून बाराही महिने पाणी उडते. मुळे तुटली आणि पाने तेवढीच राहिली, तर जमाखर्च जुळायचा कसा? उसाचे रोप लावताना आपण पात्यांचे शेंडे छाटतो, ते याचसाठी.

तेव्हा पुढीलप्रमाणे करावे.

१) दिवाळीनंतर बांधकाम काढणार असाल, तर त्याआधीच्या पावसाळ्यातच झाड हलवा.

२) खोडाच्या जाडीच्या दहा-बारा पट रुंद गड्डा धरा. खोड दोन इंच जाड असेल, तर गड्डा सुमारे दोन फूट रुंद व दीड फूट खोल लागतो.

३) मेच्या मध्यास या गड्ड्याच्या कडेने अर्ध्या बाजूला चर घ्या. मुळे धारदार कुदळीने साफ तोडा आणि चरात कुजलेले शेणखत व माती भरून पाणी द्या. तीन आठवड्यांनी उरलेली बाजू करा. तुटल्या जागी नवी बारीक मुळे फुटतात.

४) जुलैत, ढगाळ दिवशी, संध्याकाळी झाड काढा. जमीन वाफशावर हवी; चिखलात किंवा भेगाळलेल्या जमिनीत गड्डा फुटतो. आधी एक-तृतीयांश फांद्या छाटा. कण्हेर विषारी असते, तिची छाटणी गोठ्याकडे जाऊ देऊ नका.

५) गड्ड्याला गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळा. एवढ्या गड्ड्याचे वजन दीड-दोन क्विंटल भरते, म्हणून चार-पाच गडी ठेवा. खोडाला धरून उचलू नका.

६) नवा खड्डा आधीच तयार ठेवा. झाड पूर्वीच्याच खोलीवर बसवा. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल, तर जागा थोडी उंच करा.

७) काठीचा आधार द्या. खोडापासून चार बोटे सोडून पाचटाचा तीन-चार इंचांचा थर पसरा. उघडीप पडली, तर बोटाने ओल पाहून पाणी द्या. नवी पालवी येईपर्यंत युरिया मुळीच नको.

एवढे करूनही काही पाने गळतील. घाबरू नका, खोड नखाने खरवडून पाहा, आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे.

घराचा नकाशा काढणाऱ्याला दारातले झाड आधी दाखवा. गवंडी आल्यावर फार उशीर झालेला असतो.

— ऊस विकास अधिकारी