बटण दाबलं की बीअर? घरगुती ब्रुइंग यंत्राबद्दलचे गैरसमज

भिलाईच्या नेहरू नगरातल्या ज्या मराठी घरांतली मुलं न्यू जर्सीला किंवा मेलबर्नला स्थायिक झाली आहेत, त्यांना व्हिडिओ कॉलवर कधी ना कधी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला एक उंच स्टीलचा डबा दिसतो. खाली विजेची कॉइल, बाजूला पंप, समोर आकडे दाखवणारा पडदा. हे घरी बीअर बनवण्याचं ‘ऑल-इन-वन’ यंत्र. जर्मनीच्या श्पायडेल कंपनीचं ब्राउमाइस्टर, न्यूझीलंडचं ग्रेनफादर, ऑस्ट्रेलियाचं ब्रूझिला, अमेरिकेतलं ॲन्व्हिल फाउंड्री ही त्यातली परिचित नावं. भिलाईचा माणूस यंत्र बघून गप्प बसणं शक्यच नाही. मग सल्ले सुरू होतात, आणि सल्ल्यांसोबत गैरसमजही.

‘आपल्यापुरती केली तर कायद्याचा काय संबंध?’

संबंध आहे, आणि हा मुद्दा यंत्राच्या आधी येतो. आपल्याकडे मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. छत्तीसगडात लागू असलेला अबकारी कायदा १९१५ चा, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताच्या काळातला. तो पुढे मध्य प्रदेशात चालू राहिला आणि १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य वेगळं झाल्यावर छत्तीसगडकडे आला. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्याच्या कलम ३४ खाली गुन्हा आहे. मद्य तयार करण्याच्या हेतूने भांडी-उपकरणं बाळगणंही त्यातच येतं. विकायची नाही, फक्त प्यायची आहे, हा बचाव चालत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘बस्तरमध्ये घरोघरी लांदा करतात, मोहाची काढतात, त्यांना कोण विचारतं?’ आदिवासी समाजांना त्यांच्या पारंपरिक मद्यासाठी, घरगुती वापरापुरती, मर्यादेत सवलत दिलेली आहे. नेहरू नगरातल्या बंगल्यात जवाच्या माल्टची बीअर करणाऱ्याला ती लागू होत नाही. महाराष्ट्रात जाऊनही सुटका नाही, कारण तिथे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. पुण्यात २००९ मध्ये डूलालीने सुरू केलेली मायक्रोब्रुअरी ही परवाना घेऊन चालवलेली व्यावसायिक जागा होती. गच्चीवरच्या पातेल्याशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही.

परदेशातही ही मोकळीक जुनी नाही. ब्रिटनमध्ये घरगुती बीअरवरचा परवाना १९६३ मध्ये गेला. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये संघराज्याच्या कायद्यावर सही केली, तेव्हा दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बीअर करमुक्त करता येऊ लागली. विकायची मात्र नाही. तरीही अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी २०१३ पर्यंत परवानगी दिलीच नव्हती. तेव्हा मुलाने आपल्या राज्याचा नियम आधी पाहावा.

‘यंत्र सगळं करतं’

नावामुळे पसरलेला हा सगळ्यात मोठा गैरसमज. बीअर तयार होण्याचे ढोबळमानाने दोन भाग. पहिल्यात भरडलेलं माल्ट साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजतं (हे मॅश), एन्झाइम स्टार्चची साखर करतात, मग ते गोड पाणी, म्हणजे वर्ट, गाळून, हॉप्स घालून तासभर उकळतात. हे काम यंत्र करतं आणि चांगलं करतं. तापमान धरून ठेवतं, पंपाने पाणी फिरवत राहतं, धान्याची टोपली वर उचलून निथळता येते. या सगळ्यात दिवसातले पाच-सहा तास जातात.

दुसरा भाग आंबवण्याचा. तो वेगळ्या भांड्यात, एक ते तीन आठवडे चालतो, आणि चवीचा निकाल तिथेच लागतो. एल प्रकारच्या बहुतेक यीस्टला १८ ते २० अंश लागतात, लागर यीस्टला १० ते १३. शिवाय आंबताना द्रव स्वतःच तापतो, त्यामुळे खोलीपेक्षा भांड्याच्या आतलं तापमान काही अंश जास्त असतं. डॅलस किंवा फीनिक्सच्या उन्हाळ्यात एसी नसलेल्या गॅरेजमध्ये भांडं ठेवलं, तर महागड्या यंत्रातून निघालेला उत्तम वर्टही नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास मारणारी बीअर देतो. नॉर्वेचं क्वाइक नावाचं यीस्ट ३० ते ४० अंशांतही नीट काम करतं, हा एक मार्ग आहे. पण प्रत्येक बीअर त्यात करायची नसते.

म्हणून माझं मत सरळ आहे. यंत्र मधल्या किमतीचं घ्यावं आणि उरलेल्या पैशात एक जुना फ्रिज आणि तापमान नियंत्रक घ्यावा. वायफायवरून मोबाइलला संदेश पाठवणारं महागडं मॉडेल घेऊन बादली कपाटात आंबवायला ठेवणं म्हणजे पैसे वाया.

‘यंत्र इथून न्यावं, किंवा तिथून आणावं’

हे मात्र पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या घरात सांगावं लागू नये. अमेरिकेतला साधा सॉकेट १२० व्होल्टचा, बहुधा १५ अँपिअरचा. त्यातून जास्तीत जास्त १८०० वॅट मिळतात, म्हणून तिथली साधी यंत्रं १५००-१६०० वॅटची असतात. कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. तिथलं १६०० वॅटचं यंत्र इथे २३० व्होल्टला जोडलं, तर कॉइल सुमारे ५९०० वॅट, म्हणजे २५ अँपिअरच्या वर ओढू पाहील. फ्यूज आधी जाईल की कॉइल, एवढाच प्रश्न. उलट २३० व्होल्टची २४०० वॅटची कॉइल तिथे १२० वर जोडली, तर साडेसहाशे वॅटच्या आसपासच देईल. तिच्यावर पाणी कोमट होईल, उकळणार नाही.

याचा निवडीशी थेट संबंध आहे. २८ लिटर वर्ट ६७ अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे १.०७ युनिट ऊर्जा लागते. १६०० वॅटच्या कॉइलला हिशेबाने ४० मिनिटं, आणि उष्णता बाहेर जात असते म्हणून प्रत्यक्षात बरीच जास्त. ऑस्ट्रेलियात २४०० वॅटची यंत्रं सर्रास मिळतात, तिथे हे दुखणं कमी. अमेरिकेत ज्याच्या घरी कपडे वाळवण्याच्या यंत्रासाठी २४० व्होल्टचा सॉकेट आहे, त्याने दोन्ही व्होल्टेजवर चालणारं मॉडेल पाहावं. ॲन्व्हिल फाउंड्रीचं १०.५ गॅलनचं यंत्र १२० वर १६०० वॅट आणि २४० वर २८०० वॅट देतं. ज्याच्याकडे फक्त साधा सॉकेट आहे, त्याने बाहेरून गुंडाळायचं इन्सुलेशनचं जॅकेट घ्यावंच. एक्स्टेन्शन कॉर्ड वापरू नये, आणि सॉकेटला गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारं संरक्षण हवंच. शेजारी पाणी सांडत असतं.

तरीही ‘जास्त वॅट म्हणजे चांगलं यंत्र’ हे पुरतं खरं नाही. तेवढीच उष्णता लहान पृष्ठभागातून सोडली, तर तळाला पीठ बसून करपतं आणि तो वास सबंध बीअरला लागतो. कॉइलचा पसारा मोठा आहे का आणि उकळताना व मॅश करताना शक्ती वेगवेगळी ठेवता येते का, हे दुकानदाराला विचारावं.

‘३५ लिटरचं यंत्र, ३५ लिटर बीअर’

३०-३५ लिटरच्या यंत्रातून २० ते २३ लिटर बीअर मिळते. धान्य काही पाणी शोषून घेतं, उकळताना तासाला तीनेक लिटर वाफ होते, तळाचा गाळ टाकावा लागतो. ती वाफ कुठे जाणार, हा फ्लॅटमधला खरा प्रश्न. चिमणी किंवा उघडी खिडकी नसेल, तर छत ओलं होतं.

आणखी एक गोष्ट पडद्यावर दिसत नाही. पडद्यावरचं तापमान बहुधा तळाच्या सेन्सरचं असतं. वरच्या धान्यात ते काही अंश कमी असू शकतं. पंप चालू ठेवून स्वस्तातल्या वेगळ्या थर्मामीटरने वरून तपासावं.

‘घरच्या बीअरने डोळे जातात’

हातभट्टीच्या बातम्यांमुळे ही भीती बसली आहे आणि ती समजण्यासारखी आहे. पण आपल्याकडचे विषारी दारूचे बळी बहुतेक औद्योगिक मिथेनॉल मिसळल्याने जातात. माल्ट आंबवून केलेल्या बीअरमध्ये ऊर्ध्वपातन नसतं आणि मिथेनॉल नगण्य असतं. खरा धोका वेगळा: आंबवणं पुरं होण्याआधी बाटल्या भरल्या किंवा साखर जास्त घातली, तर त्या फुटतात, आणि काचा लागतात.

‘विजेचं बिल वाढतं, पण बीअर स्वस्त पडते’

दोन्ही अर्धवट. एका खेपेला चार-पाच युनिट वीज लागते, अमेरिकेत साधारण एक डॉलरची. माल्ट-हॉप्सचा खर्चही बाजारातल्या चांगल्या बीअरहून कमी येतो. पण यंत्र, फ्रिज, बाटल्या, केग आणि सबंध शनिवार धरला, तर बचतीसाठी हा छंद करू नये.

मुलाला एवढंच सांगा: आधी राज्याचा नियम, मग सॉकेटचं व्होल्टेज, मग आंबवण्याची जागा, आणि यंत्राचं मॉडेल सगळ्यात शेवटी. नेहरू नगरात मात्र यंत्र आणू नका. छत्तीसगडात एप्रिल २०१७ पासून मद्याची किरकोळ विक्री सरकारी महामंडळाच्या दुकानांतून होते. बीअर हवी असेल तर ती तिथेच घ्यावी.