टेक या क्रियापदापासून बनणारी इंग्रजी वाक्यांश क्रियापदे

'टेक' हे इंग्रजी भाषेतील अतिशय वापरातले क्रियापद असून त्याचा मूळ अर्थ 'घेणे' किंवा 'नेणे' असा आहे. त्याला ऑफ, ऑन, अप, इन, ओव्हर यांसारखा लहान शब्द जोडला असता स्वतंत्र अर्थाचे क्रियापद तयार होते. अशा जोडीला इंग्रजी व्याकरणात फ्रेजल व्हर्ब म्हणतात; मराठीत तिला वाक्यांश क्रियापद म्हणता येते. या जोडीचा अर्थ पुष्कळदा तिच्या घटकांच्या अर्थांची बेरीज करून मिळत नाही. त्यामुळे दोन्ही शब्द परिचयाचे असूनही वाक्य कळत नाही, असा अनुभव विद्यार्थ्यांना येतो.

इतिहास

'टेक' हा शब्द मूळचा इंग्रजी नाही. तो प्राचीन नॉर्स भाषेतील 'टाका' या क्रियापदावरून आला. जुन्या इंग्रजीत 'घेणे' या अर्थी 'निमन' हे क्रियापद होते. स्कँडिनेव्हियन लोक इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यानंतर ते हळूहळू मागे पडले. 'बधिर' या अर्थाच्या 'नम्ब' या शब्दात त्याचा अवशेष आजही दिसतो.

सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत या प्रकारच्या शब्दजोड्यांची दखल घेतली आणि परकीयांना त्या फार अवघड जातात, असे नोंदवले. 'फ्रेजल व्हर्ब' ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ सालच्या आपल्या पुस्तकात वापरली. ती आपल्याला ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवली, असे त्यांनी म्हटले आहे.

प्रमुख जोड्या व त्यांचे अर्थ

- टेक ऑफ: (कपडे, बूट) काढणे, (विमानाने) उड्डाण करणे, नक्कल करणे.
- टेक ऑन: काम अंगावर घेणे, नोकरीवर ठेवणे.
- टेक अप: छंद किंवा विषय हाती घेणे, जागा किंवा वेळ व्यापणे.
- टेक इन: आसरा देणे, समजून घेणे, फसवणे.
- टेक ओव्हर: ताबा किंवा सूत्रे घेणे.
- टेक डाउन: खाली उतरवणे, लिहून घेणे.
- टेक बॅक: परत घेणे, शब्द मागे घेणे.
- टेक आफ्टर: आईवडिलांसारखे असणे.
- टेक टू: आवडू लागणे, सवय लागणे.

अर्थाची उकल

या जोड्यांमध्ये अर्थाला दिशा देण्याचे काम बहुधा जोडलेला लहान शब्द करतो. 'ऑफ' वेगळे होणे दर्शवतो: बूट पायापासून सुटतात, तर विमान जमिनीपासून. 'इन' आत येणे दर्शवतो: निराश्रित घरात येतो, माहिती मनात येते. 'ओव्हर' एका हातातून दुसऱ्या हातात जाणे सुचवतो. मात्र ही उकल सर्वत्र लागू पडत नाही. 'टेक इन' म्हणजे 'फसवणे' हे केवळ 'इन'च्या अर्थावरून ओळखता येत नाही. तेथे संपूर्ण जोडीच लक्षात ठेवावी लागते.

शब्दक्रम

काळाप्रमाणे केवळ क्रियापद बदलते. जोडलेला शब्द तसाच राहतो. उदाहरणार्थ, टेक ऑफ, टुक ऑफ, टेकन ऑफ.

कर्म नाम असल्यास ते जोडीच्या मध्ये किंवा नंतर येऊ शकते. 'टेक ऑफ युअर शूज' आणि 'टेक युअर शूज ऑफ' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. कर्म सर्वनाम असल्यास ते मध्येच यावे लागते. 'टेक देम ऑफ' हे शुद्ध आहे, पण याच अर्थी 'टेक ऑफ देम' हे अशुद्ध ठरते. 'टेक आफ्टर' व 'टेक टू' या जोड्या मात्र फुटत नाहीत. 'ती आईच्या वळणावर गेली आहे' यासाठी 'शी टेक्स आफ्टर हर' असेच म्हटले जाते.

मराठीशी तुलना

मराठी भाषकाला ही प्रवृत्ती अगदीच अनोळखी नाही. 'फैलावर घेणे' किंवा 'मनावर घेणे' यांत कोणतीही वस्तू घेतली जात नाही. काही ठिकाणी तर दोन्ही भाषा जवळ येतात: टेक ऑन म्हणजे अंगावर घेणे, टेक डाउन म्हणजे लिहून घेणे, टेक बॅक म्हणजे मागे घेणे. परंतु हे साम्य शेवटपर्यंत टिकत नाही. बूट 'काढले' जातात आणि मुलगी आईच्या वळणावर 'जाते'. तेथे मराठीत 'घेणे' येत नाही. म्हणून 'घेणे'साठी 'टेक' असे सरसकट भाषांतर करणे धोक्याचे असते.

वापर व अभ्यास

रिमूव्ह, रिझेम्बल, डिसीव्ह यांसारखे एकशब्दी पर्याय औपचारिक लेखनात अधिक आढळतात, तर रोजच्या बोलण्यात वाक्यांश क्रियापदे सहज येतात. पण तीच नेहमी अनौपचारिक असतात, असे नाही. विमानाच्या उड्डाणासाठी 'टेक ऑफ' हाच रूढ शब्द आहे. त्यापासून झालेले 'टेकऑफ' आणि उद्योगजगतातील 'टेकओव्हर' ही नामे मराठीतही वापरली जातात.

अर्थांची लांब यादी पाठ केल्याने 'टेक इन'चा कोणता अर्थ कोठे घ्यायचा, हे कळत नाही. तो बहुधा कर्मावरून ठरतो: कर्म अनाथ मूल असेल तर आसरा देणे, व्याख्यान असेल तर समजून घेणे. म्हणून प्रत्येक जोडी तिच्या नेहमीच्या कर्मासह, पूर्ण वाक्यात शिकणे उपयुक्त ठरते. त्यामुळे अर्थाबरोबर शब्दक्रमही लक्षात राहतो.